शाल, नारळ आणि चिवड्याचं कॅलेंडर

२००७ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि छातीठोक सांगतो, माझ्या व्याह्यांइतका सत्काराचा भुकेला माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या सत्काराचा! व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. आम्ही दोघं लंडनच्या हॅरोत, दोन रस्ते सोडून राहायचो. त्यांच्या कपाटात शालींची अशी चळत, की कापडवाल्यानं लाजावं. कोणी काही केलं की हे निघाले शाल-नारळ घेऊन. बॉयलर दुरुस्त करणाऱ्या गोऱ्याला त्यांनी किचनमध्येच खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली आणि भाषण ठोकलं. तो बिचारा नारळ दोन्ही हातांत धरून विचारतोय, "डू आय पे फॉर धिस?" रस्त्यावरची पोस्टवाली रिटायर झाली, तिला बर्फात उभी करून विहीणबाईंकडून ओवाळवलं. मी मात्र कधी हाती लागलो नाही. ते म्हणायचे, "व्याहीबुवा, जन्मभर कारखान्यात उभे राहिलात, आता एकदा बसा की खुर्चीवर." मी म्हणायचो, "काम केलं, पगार घेतला. शाल कशाला? मी काय आजारी आहे?" माझी शाळा तिसरीत सुटली, पण ताठ मान काही सुटली नाही.

आम्हा दोघांत नात एकच. पोरगी आठशे मीटर पळायची, अशी की बघणाऱ्याला धाप लागावी. अमेरिकेतल्या एका कॉलेजनं कळवलं, आमच्याकडून पळ, शिक्षण फुकट. लहानपणापासून तिला दुसरं काही नको होतं. झालं! व्याह्यांनी हॉल घेऊन सत्कार मांडला. खर्च जवळच्याच ईलिंगच्या एका वाणसामानवाल्याचा. त्यानं पोरीला पळायचे भारी बूट दिले, हातात चिवड्याचा पुडा देऊन फोटो काढला आणि दिवाळीत दुकानाच्या कॅलेंडरवर छापला. खाली लिहिलेलं, "आमचा चिवडा खा, वाऱ्यासारखे पळा." व्याह्यांनी ते हॅरोभर वाटलं. माझ्याही घरी खिळा त्यांनीच ठोकला.

मग सह्या घ्यायला कॉलेजचा कोच घरी आला. मुलाकडे आम्ही सगळे जमलेले. व्याही शालीसकट हजर! कोचही हौशी, शाल घेतली, नारळ घेतला, हसून मान लववली. एवढ्यावर थांबतील तर ते व्याही कसले? त्यांनी त्याच्या हातात कॅलेंडर ठेवलं. "सर, अवर गर्ल! फेमस इन ईलिंग!"

कोचचं हसू मावळलं. "दुकानदारानं हिला काय दिलं?" त्यानं हळूच विचारलं.

"शूज! बेस्ट शूज!" व्याही अभिमानानं म्हणाले.

कोचनं पेन खिशात घातलं. बाहेर जाऊन फोन केला, परत आला आणि शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नियम असा, की कॉलेजसाठी पळणाऱ्यानं आपल्या फोटोवर कुणाचा माल विकायचा नाही, मोबदला घ्यायचा नाही. जागा गेली.

मी भडकलो. "तुमचं कॉलेज हिचा फोटो लावून तिकिटं विकणार, ते चालतं? आणि पोरीनं पुडा धरला तर ती बाटली? पाय तिचे, धाप तिची, आणि फोटो तेवढा तुमचा?" मुलानं इंग्रजीत सांगितलं. कोच म्हणाला, "आजोबांचं खरं आहे. पण नियम मी करत नाही." आज ना उद्या तो नियम बदलेलही. आमच्या पोरीचे पाय तोवर थांबणार होते थोडेच!

नात व्याह्यांपाशी बसली. "नाना, तुम्ही मुद्दाम नाही केला. मला पण कुठे माहीत होती?" तिचं मराठी हे असं. व्याही खुर्चीवरच्या शालीची घडी मोडत होते, पुन्हा घालत होते. संध्याकाळी सून सांगत आली, बाबांनी सगळ्या शाली चॅरिटी शॉपला देऊन टाकायला पिशव्यांत भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगला कोट घातला आणि त्यांच्याकडे गेलो. पिशव्या दारातच होत्या. मी खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसलो.

"करा," म्हटलं.

ते बघतच राहिले. "नारळ नाही हो घरात."

"नसू दे."

त्यांनी वरच्या पिशवीतली शाल काढून माझ्या खांद्यांवर घातली. भाषणाला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. मग मी उठलो आणि शाल पांघरूनच भर रस्त्यानं घरी चालत आलो.