सासूबाईंचं नैरोबी

आमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे जर्मनीत श्टुटगार्टला यायच्या आणि सामानात अख्खं नैरोबी भरून आणायच्या. इंग्रजांच्या राज्यात त्यांचे वडील तिथे रेल्वेत हेडक्लार्क होते. सासूबाईंच्या तोंडून ऐकलं तर खुद्द गव्हर्नर त्यांच्या हाताखाली असावा. इथला आंबा त्यांना पिठूळ, इथलं ऊन मिळमिळीत. "आमच्या नैरोबीत असलं नव्हतं हो," एवढं ऐकू आलं की माझी बायको भांडी घासायला उठायची.

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या आमच्या इमारतीत दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना झाडून पुसायचा, अशी रीत. त्याला केअरवोखं म्हणतात. जावई मोटारींचा इंजिनियर आणि हातात फडकं, हे काही सासूबाईंना बघवेना. "आमच्याकडे ह्याला माणसं होती, जावईबापू." मी म्हणायचो, इथेही माणूस आहे की, तुमच्यासमोर वाकलाय.

एकदा दार उघडं होतं आणि जिन्यात एक आफ्रिकन बाई पायऱ्या पुसत होती. सासूबाईंचा चेहरा उजळला. साठ वर्षांनी त्यांनी स्वाहिली बाहेर काढली. "लेटे माजी! हाराका!" म्हणजे पाणी आण, चटकन. ती वांजिरू, वरच्या मजल्यावर नवीनच आलेली केनियाची डॉक्टर. तिचा तो आठवडा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वांजिरू वर गेली, खरंच पेलाभर पाणी घेऊन आली आणि सासूबाईंशेजारी बसली. इंग्रजीत म्हणाली, स्वाहिली छान आहे, पण सगळी हुकमाचीच दिसते. घरी कोण होतं? सासूबाई रंगात आल्या. आया होती, तिने पाठीला बांधून वाढवलं, ताप आला की मांडीवरून खाली ठेवलं नाही.

"नाव काय तिचं?"

नैरोबीतल्या शेजारच्या साहेबाच्या दोन्ही कुत्र्यांची नावं सासूबाईंना पाठ होती. "आयाच म्हणायचो आम्ही," त्या शेवटी म्हणाल्या.

त्या दिवसापासून नैरोबी बंद. ज्यासाठी मी इतकी वर्षं देवाला साकडं घालत होतो ते फळलं, आणि घर खायला उठलं.

पुढच्या वर्षी त्या पुण्यात अंथरुणाला खिळल्या. फोनवर एकच मागणं: तिकडच्या बायकांची नावं वांजिरूला विचारा, कानावर पडलं तर आयाचं आठवेल. तिने चाळीसेक लिहून दिली. मी एकेक सावकाश वाचलं. यादी संपली.

"पुन्हा पहिल्यापासून वाचा, जावईबापू."

आठवडाभर रोज वाचली. मग एका सकाळी फोन मेव्हण्याने उचलला.