दोर नसलेल्या विहिरी

पाणी मागावं कसं, हे जगदेवरावांना ठाऊकच नव्हतं. उमेदीची सारी वर्षं संस्थानच्या मोटारखान्यात गेली होती, आणि त्यांच्या ताब्यात होती मुक्कामाची मोटार. आत झोपायच्या दोन फळ्या, स्टोव्ह ठेवायला कोपरा, मागे पाण्याची भलीमोठी पत्र्याची टाकी. बडी मंडळी शिकारीला निघाली की ही मोटार सर्वांच्या पुढे. गावाची शीव आली की जगदेवराव भोंगा वाजवायचे, चांगला लांबलचक. मग झाडाखाली मोटार उभी करून जरा पाठ टेकायची. उठेपर्यंत टाकी काठोकाठ भरलेली असे. ती भरतं कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, निम्म्या कचेऱ्या इंदूरला गेल्या. मोटार आरोग्य खात्याकडे आली आणि तिच्याबरोबर, स्टेपनीचं चाक यावं तसे, जगदेवरावही आले. आता मागच्या फळीवर डॉक्टर सरोजिनी बसत. शहरात माधवगंजात राहणाऱ्या, वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. खेड्यांत मुक्काम करून मोतीबिंदू काढायचे, हे त्यांचं काम.

शहराच्या टोकाच्या थाटीपुरातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की टाकी इथेच भरून घ्या. जगदेवराव हसले होते. टाकीतलं पाणी शिळं होतं बाईसाहेब, दौऱ्यावर ताजं मिळतं, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाई नव्या होत्या, त्यांनी ते मानलं. झालं, रिकामी टाकी खडखडत भिंडच्या रस्त्याला लागली.

पहिलं गाव आलं. जगदेवरावांनी भोंगा वाजवला आणि मोठ्या ऐटीत विहिरीपाशी मोटार नेली. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. काठ ओला होता, वरची गरारी, दोराची कप्पी, अजून हलत होती, पण दोर नाही, बादली नाही. खाली खोल काळंभोर पाणी चकाकत होतं आणि वर हे हात हलवीत उभे. मोटारीत दोर नव्हता. कधी लागलाच नव्हता. दारं ठोठावली तर आतून कुणी ओ देईना.

दुसऱ्या गावी तेच. तिथे त्यांनी भोंगा जरा जास्तच वाजवला, आणि दारंही जरा जास्तच घट्ट बंद झाली. जगदेवरावांचा पारा चढला. नवं राज्य आलं आणि लोकांना साधी रीत राहिली नाही, पूर्वी असं करायची कुणाची छाती नव्हती, असं ते स्टिअरिंगला ऐकवीत राहिले. दुसरं ऐकतं कोण?

शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबवलं. मग त्या सरळ बोलल्या. मुक्कामाच्या गावची विहीर खारी, हे त्यांना आधीच कळलं होतं. उद्या सकाळी तिथे म्हातारी माणसं बैलगाड्यांतून यायची होती. हत्यारं उकळायला, हात धुवायला गोडं, स्वच्छ पाणी हवं होतं.

"पाणी नसेल तर मी कुणाच्याही डोळ्याला हात लावणार नाही, जगदेवराव. परत फिरू. पण पुढचा दौरा पावसाळ्यानंतर. तोवर ज्यांचा मोतीबिंदू पिकून फुटेल, त्यांचा डोळा गेला."

जगदेवरावांना बोल फार लागला. राग अजून होताच, आता कुणावर काढावा ते कळेना.

तिसऱ्या गावाच्या अलीकडे रेडिएटरच उकळलं. मोटार रस्त्यात बसली. भोंगा वाजवायची वेळच आली नाही. हातात डबा घेऊन, घाम पुसत, जगदेवराव पायीच विहिरीवर गेले आणि जागच्या जागी थांबले. गरारीवर दोर होता. बाया पाणी ओढत होत्या. एका म्हातारीनं काही न विचारता त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. पाणी गोड होतं. तिनं डबाही भरून दिला.

जीव शांत झाल्यावर त्यांनी मागच्या दोन गावांचं गाऱ्हाणं सांगितलं. विहिरीवर दोरसुद्धा ठेवत नाहीत, कसली ही माणसं! म्हातारी हसली.

"वो भोंपूवाली गाड़ी आती है ना, भैया, तो हम लोग रस्सी खोलकर घर ले जाते हैं।"

मग तिनं सगळं सांगितलं. भोंगा वाजला की शिपाई घराघरांतून बायांना, तिलाही, हाकून आणायचा. दिवस मावळेपर्यंत टाकी भरायची. शेतातलं काम पडून राही, तान्ही मुलं रडत. आणि गाडीवाला तिकडे झाडाखाली झोपलेला असे.

जगदेवरावांचं तोंड उतरलं. डबा उचलून निघून जाता आलं असतं; त्यांना इथे कुणी ओळखलं नव्हतं. पण टाकी भरायला मोटार इथे आणली की बाया दोर सोडून नेणार, आणि दोराशिवाय उद्याचे डोळे जाणार. त्यांनी डबा खाली ठेवला.

"वो गाड़ी मेरीच है, अम्मा," ते म्हणाले.

म्हातारीचा हात दोराकडे गेला. जगदेवराव मोडक्यातोडक्या शब्दांत डॉक्टर, आंधळी माणसं, उद्याची सकाळ सांगत सुटले. तिनं ऐकलं, थोडा वेळ दोर हातात धरून ठेवला आणि मग सोडला.

"भर लो। पर अपने हाथ से।"

इंजिन निवल्यावर मोटार विहिरीपाशी आली, भोंगा न वाजवता. बाया बाजूला जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाई पदर खोचून पुढे आल्या, तर जगदेवरावांनी त्यांना अडवलं. "तुम्ही नका. तुमच्या हातांना फोड आले तर उद्या सुरी कोण धरणार?"

त्यांनी बादली सोडली. ओढली, टाकीत ओतली, पुन्हा सोडली. तळहात सोलून निघाले, खांदे भरून आले, खाकी सदरा अंगाला चिकटला. दोर आता लाल होऊ लागला होता. बऱ्याच वेळानं ते टाकीला टेकून उभे राहिले. आता होतच आलं असेल, असं त्यांना वाटलं.

म्हातारी लांब, बसल्या जागीच होती. टाकीत तिनं डोकावून पाहिलं नव्हतं.

"अभी आधी भी नहीं हुई," ती म्हणाली.

जगदेवरावांनी आत पाहिलं, आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली.