पार्किंगपासून चार मिनिटांवरचा डोंगर

आमच्या घरात आइस्क्रीमचा रिकामा डबा कुणी फेकत नाही. धुऊन कपाटात ठेवतात आणि एक दिवस दार उघडलं की सगळे डबे अंगावर कोसळतात. किश्श्यांचंही तसंच आहे. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मोठी माणसं माझ्यासमोर काहीही बोलतात, काहीही करतात. ते सगळं माझ्याकडे साठत जातं. आजचे डबे २०२० च्या ऑगस्टमधले. आम्ही राहतो त्या हार्लेमहून लिम्बुर्गला, म्हणजे नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, डोंगर बघायला गेलो होतो तेव्हाचे.

गाड्या दोन होत्या. एकीत आई, बाबा, मी (तेव्हा पंधरा) आणि माझी पाच वर्षांची बहीण मिहू. दुसरीत बाबांच्या ऑफिसातले सतीशकाका, वर्षाकाकू आणि त्यांचा सात वर्षांचा विहान. काका पुण्याचे. हे कळायला तुम्हाला त्यांच्याजवळ तीन मिनिटं उभं राहावं लागतं. दीड मीटरवरूनही ऐकू येतं.

\* \* \*

मूळ प्लॅन स्वित्झर्लंडचा. काकांनी त्याची एक्सेल शीट केली होती, पाच टॅबची! मग त्यांचं इथे राहण्याचं परमिट रिन्यूअलला गेलं आणि काका हादरले.

"बॉर्डर ओलांडली आणि मागून बंद झाली तर? लॅपटॉप इथे, आपण तिथे!"

"मग डोंगर?" आईने विचारलं.

"इथे आहे की! फालसरबेर्ख. देशातला सगळ्यात उंच!"

"किती उंच?" बाबा म्हणाले.

"तीनशे बावीस मीटर."

मी वाट बघितली. कुणीच हसलं नाही. बाबांनी ते लिहून घेतलं.

\* \* \*

डोंगर हवा होता तो मिहूसाठी. खरं म्हणजे आजीसाठी.

आजी, बाबांची आई, साताऱ्याला एकटी असते. ती त्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणार होती, पण तिकीट रद्द झालं. मग रोज व्हिडिओ कॉल. आजी विचारायची, "जेवलीस का गं?" आणि मिहू डचमध्ये काहीतरी सांगून फोन छताकडे वळवायची. मिहूला मराठी सगळं कळतं. बोलत मात्र नाही.

एकदा आजी म्हणाली, "मला पंख्याशिवाय काहीतरी दाखवा रे. आणि पोरीच्या तोंडून एक वाक्य ऐकवा. एकच. मराठीत."

डोंगराचं ठरलं तेव्हा मिहू पहिल्यांदा स्वतःहून फोनसमोर आली आणि म्हणाली, "आजी, बेर्ख!" बेर्ख म्हणजे डोंगर. हात डोक्यावर नेऊन तिने त्रिकोण करून दाखवला.

"दाखव बाई," आजी म्हणाली. "शनिवारी दुपारी मी फोन घेऊनच बसते."

\* \* \*

शनिवारी बाहेर चौतीस डिग्री होतं. वर्षाकाकूंनी दोन्ही मुलांसाठी माकडटोप्या आणल्या होत्या.

"डोंगरावर कानाला वारं लागतं."

आमच्या पायाशी तिखटमिठाच्या पुऱ्या, दोन थर्मास, राइस कुकर आणि थर्मामीटर. काकांच्या खिशात ऑक्सिमीटर. ते वर्ष सगळेच जण बोटाला चिमटा लावून बसण्याचं होतं, पण काकांचं कारण वेगळं होतं.

"हाय अल्टिट्यूड. चान्स घ्यायचा नाही."

विहानने तेवढ्यात बापाला डचमध्ये सांगितलं की त्याच्या शाळेतली मुलं तिथे सायकलने जातात.

"त्यांना सवय असते," काका म्हणाले.

\* \* \*

वाटेत मिहूचा एकच प्रश्न. प्रत्येक उड्डाणपूल आला की, "बेर्ख?"

"नाही बेटा."

बांधकामाच्या वाळूचा ढीग. "बेर्ख?"

"नाही बेटा."

तिसऱ्या तासाला बाबांनी 'नाही' म्हणणं सोडलं, कारण तेही आता ढिगाऱ्यांकडे आशेने बघायला लागले होते.

\* \* \*

लिम्बुर्गमध्ये रस्ता जरासा वर चढला आणि लगेच काकांचा फोन.

"घाट लागला! एसी बंद कर! इंजिन तापेल!"

बाबांनी खरंच एसी बंद केला. चौतीस डिग्रीत! काचा खाली केल्या आणि दुसऱ्या गिअरवर, हॉर्न वाजवत, प्रत्येक वळण घेतलं. वळणं एकूण तीन होती.

दुसऱ्या वळणावर एक पांढऱ्या केसांच्या बाई मागून आल्या. सायकलवरून. पुढे बास्केट, बास्केटमध्ये कुत्रा. त्यांनी आम्हाला ओव्हरटेक केलं आणि प्रेमाने हात हलवला. कुत्र्याने मात्र आमच्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या वळणावर पुढची गाडी थांबली. काकू चालवत होत्या, काका शेजारी बसून मार्गदर्शन करत होते. ते आता उतरून झुडपात वाकले होते. सिंहगड पन्नास मिनिटांत चढणाऱ्या माणसाला घाट लागला होता!

"मॅप बघत होतो म्हणून," ते तोंड पुसत म्हणाले. "आणि इथलं दूध."

\* \* \*

डोंगराच्या माथ्यावर पार्किंग आहे. पार्किंगपासून शिखर चार मिनिटांवर, आइस्क्रीमच्या गाडीच्या अलीकडे.

काकांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि ऑक्सिमीटर काढला. बाबा अठ्ठ्याण्णव, आई सत्त्याण्णव, मी नव्व्याण्णव. काकू सत्त्याऐंशी.

"खाली बस! बस खाली! बोलू नकोस!"

"मला काही होत नाहीये हो."

"हेच लक्षण असतं!"

एका डच आजोबांनी आपली खुर्ची दिली. बाबा पाणी आणायला धावले, आई पदराने वारा घालायला निघाली आणि जीन्स आहे हे आठवून थांबली. मी दोनदा म्हणाले, "नेलपॉलिश." काकूंची नखं गडद निळी होती. माझा आवाज मास्कच्या आतच राहिला असावा. शेवटी मी काकूंच्या पायाचा अंगठा चिमट्यात धरला. अठ्ठ्याण्णव.

"अल्टिट्यूडला हात आणि पाय वेगळे वागतात," काकांनी समजावलं.

घरी आल्यावर मी नकाशात बघितलं. पुणं या डोंगराहून उंच आहे. काकू तीस वर्षं तिथे ऑक्सिमीटरशिवाय राहिल्या.

\* \* \*

शिखरापासून काही पावलांवर तीन देशांच्या सीमा एका दगडाशी येऊन मिळतात. इकडे नेदरलँड्स, तिकडे बेल्जियम, पलीकडे जर्मनी. चौकी नाही, शिपाई नाही. मुलं दगडाभोवती गोल गोल पळतात आणि एका मिनिटात चार वेळा परदेशी जाऊन येतात.

विहानही पळाला. माकडटोपी घालून.

"विहान!" काका इतक्या जोरात ओरडले की आइस्क्रीमची रांग वळून बघायला लागली. "जर्मनीतून बाहेर ये! आधी बाहेर ये! आपलं परमिट रिन्यूअलला आहे!"

विहान घाबरला आणि जवळच्या बाजूने बाहेर पडला. ते बेल्जियम होतं.

"तिकडे नाही रे गाढवा! आपल्या देशात ये!"

"कोणत्या?" विहानने विचारलं.

काका आजूबाजूला बघायला लागले. मग त्यांनी दगडाच्या अलीकडूनच हात लांब केला, पोराचं मनगट धरलं आणि त्याला ओढून घेतलं. पाय मात्र सीमारेषेच्या आतच ठेवले होते.

\* \* \*

या सगळ्यात मिहू कुठे होती? माझा हात धरून उभी होती. ती झाडांकडे बघत होती, गाड्यांकडे बघत होती, आणि वर कुठे काही दिसतंय का ते शोधत होती.

बाबांनी साताऱ्याला फोन लावला. आजी तयारच होती. इस्त्रीची साडी, कपाळाला टिकली. फोन तिने कपबशीला टेकवून ठेवला होता.

"पोचलात का?"

"पोचलोय, आई. हे बघ."

बाबांनी फोन सगळीकडे फिरवला. झाडं, दगड, रांग, पार्किंग.

"छान आहे बाग," आजी म्हणाली. "आता डोंगरावर गेलात की लावा."

"आई, हाच डोंगर आहे."

आजी स्क्रीनजवळ वाकली. मग काका मध्ये घुसून आजीला म्हणाले, "काकू, देशातला हायेस्ट पॉइंट आहे हा!"

"हो का? असू दे, असू दे."

मिहूचा खालचा ओठ पुढे आला. आजीने तो बघितला असावा. "थांब गं बाळा, चष्मा आणते. मला नीट दिसत नाहीये, म्हणून," असं म्हणून ती उठली.

ती उठली तशी तिच्या मागची खिडकी दिसायला लागली. खिडकीत अजिंक्यतारा. ऑगस्टातला, हिरवागार, माथ्यावर ढग टेकलेला, खिडकीत न मावणारा.

मिहूने बाबांच्या हातातून फोन हिसकावला. तिचं नाक जवळजवळ स्क्रीनला लागलं होतं.

आजी चष्मा लावून परत आली आणि खुर्चीवर बसली. स्क्रीनभर आजी.

"आजी!" मिहू ओरडली. "तू बाजूला हो ना, मला डोंगर दिसत नाहीये!"

आजी बाजूला झाली.