तुटक्या शेपटीचं फुलपाखरू

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसच्या गाडीची वाट पाहत होते. ताईलाच भेटायला निघाले होते. "लता, सावकाश ये... आता घाई नाही," एवढंच ते म्हणाले. महिना होत आला, ते वाक्य कानातून जात नाही.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची, पण तिचा खरा जीव शेताच्या धुऱ्यावरल्या, म्हणजे बांधावरल्या, बोरीत होता. त्या झाडावर एक इवलंसं फुलपाखरू वाढतं. तांबूस पंखांचं, खालच्या बाजूला चांदीच्या रेघा ओढलेलं. मुंग्या त्याच्या अळीला खात नाहीत, उलट राखण करतात. अळीच्या अंगातून पाझरणारा गोड थेंब त्यांना हवा असतो. हे पाहत ताई तासन्‌तास उन्हात उभी राहायची. भाऊजी हसायचे, "लोकं बोरं खातेत, हे मुंग्या पाहून राह्यली!"

नागपूरला तिचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढावा लागला. जरा बरं वाटल्यावर ती मला बोरीखाली घेऊन गेली. समोरच्या फुलपाखराचा मागचा पंख कुरतडल्यासारखा होता. "पंखाच्या टोकाले ह्या बारीक शेपट्या असतेत ना, पक्ष्याले तेच डोकं वाटते. तेथंच चोच मारते. तुकडा जाते, जीव वाचते." मग म्हणाली, "मी पण तुकडा देऊन आली..." आम्ही दोघी हसलो. दोघींनाही ते खरं वाटलं होतं.

वर्षभरानं दुखणं हाडांत उतरलं. शेवटच्या भेटीत तिला कूसही बदलता येत नव्हती. "बोरीवर पाहून ये वं," म्हणाली. मी पाहून आले. दोन होती.

"शेपट्या होत्या?"

"होत्या, दोघांच्याही."

"बरं झालं," म्हणत तिनं डोळे मिटले.

तेरवीनंतर मी निघाले, तर भाऊजी घरात दिसेनात. धुऱ्यावर एकटेच बसले होते. "किती डाव बोलावलं तिनं मले... 'चाला, पाहून घ्या एकदा.' मी म्हणो, कामं पडून आहेत." आजूबाजूला बरीच फुलपाखरं भिरभिरत होती. ती पाहत त्यांनी विचारलं, "यातलं कोणतं वं ते?"

मी बोट दाखवलं. ते नुसती मान हलवत राहिले... त्यांना दिसलं की नाही, कोण जाणे. त्यांचे डोळे भरून आले होते.