छत्री घेऊन धावणारे आतोबा

आपल्याला आता कशाचाच धक्का बसत नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने आमच्या आतोबांबरोबर ॲरिझोनातली एक सकाळ काढावी. मी दोन लेऑफ पचवलेला माणूस आहे, व्हिसाच्या कागदांपायी अर्धे केस पांढरे करून घेतले आहेत. पण आ वासून उभं राहायची पाळी माझ्यावर आणली ती या एका गृहस्थांनी, आणि तीही दर रविवारी. आतोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. मूळचे जत तालुक्यातले. तरुणपणी इथल्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर म्हणून आले आणि निवृत्तीनंतर टूसॉनच्या कडेला, जिथे रस्ता संपतो आणि वाळवंट सुरू होतं, तिथे घर बांधून राहिले. वय त्र्याहत्तर, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची, आणि छंद एकच: वाळवंटातल्या पायवाटांवरून धावणं. सकाळी चालायला जाणारे काका मी अमेरिकेत ईडन प्रेरीपासून अल्फारेटापर्यंत पुष्कळ पाहिले आहेत. ते मॉलमध्ये दोन चकरा मारतात आणि कॉफी प्यायला बसतात. आतोबा आठ मैल धावायचे, तेही अशा जमिनीवर, जिथे सरडासुद्धा विचार करून पाय टाकतो.

नोकरी बदलून आम्ही त्यांच्यापासून अर्ध्या तासावर राहायला आलो, त्याच्या पहिल्याच रविवारी ते उजाडता उजाडता आमच्या दारात हजर. खाली हाफपँट, वर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला ओला पंचा आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. आकाशात औषधालासुद्धा ढग नव्हता. मी भीत भीत विचारलं, "आतोबा, पाऊस आहे का आज?" तर म्हणाले, "जावईबापू, पावसासाठी छत्री लागते ती कोकणात. आमच्या जतला ती उन्हासाठीच घ्यायचे. चला, बूट घाला." अर्ध्या तासाने मी पाहतो तर समोर अफाट माळ, दोन पुरुष उंचीची हात वर केलेली निवडुंगं, आणि त्यांच्यामधून एक काळी छत्री टुणटुणत लांब चालली आहे. समोरून महागडे कपडे घातलेली गोरी तरुण मंडळी पळत येत, छत्रीकडे बघत आणि "गुड मॉर्निंग" म्हणायचं विसरत. मीही श्वास घ्यायचं विसरलो होतो, पण त्याला छत्रीपेक्षा माझं पोट जास्त कारण होतं.

त्यांच्या खिशांचा एक वेगळाच संसार होता. टकलावर एकही केस नसलेल्या या माणसाच्या खिशात कायम एक मोठ्या दात्यांचा कंगवा. मला वाटलं, जुनी सवय असेल, बिचारे. पण तिथे चोया नावाचं एक निवडुंग आहे, त्याच्या नुसतं जवळून गेलं तरी काटेरी गोळा पायाला येऊन डसतो. तो माझ्या पोटरीला डसला तेव्हा मी सगळ्या कुलदैवतांना एका दमात हाक मारली आणि हाताने तो उपटायला निघालो. "हात लावू नकोस, नाहीतर हातही अडकेल," असं म्हणत आतोबांनी शांतपणे कंगवा काढला, गोळ्याखाली सरकवला आणि असा झटका दिला की गोळा दहा फुटांवर. मग कंगवा पुसून खिशात. दुसऱ्या खिशात शेंगदाणे, गूळ आणि छोट्या डबीत खारवलेल्या लिंबाच्या फोडी. एकदा एक सव्वासहा फुटी अमेरिकन पायात गोळे येऊन वाटेवर आडवा झाला होता. आतोबांनी त्याच्या तोंडात फोड कोंबली. त्याचा चेहरा जो काही झाला तो बघून मला वाटलं, आता पोलिस येणार. पण पाच मिनिटांत तो उठून पळायला लागला, आणि पुढच्या रविवारी लांबूनच ओरडला, "अंकल! मोअर लेमन?"

सापाच्या बाबतीत तर त्यांनी हद्दच केली. वाटेच्या मधोमध एक खुळखुळ्या साप वेटोळं घालून बसला होता, शेपटी वाजवत. मी मागच्या मागे वीस पावलं कधी गेलो ते मलाही कळलं नाही. आतोबांनी छत्री मिटली आणि एका दगडावर जाऊन निवांत बसले. म्हणाले, "थांबू जरा. जाईल तो. त्याला काही घाई नाही, आपल्याला काही घाई नाही." मला होती! त्या रविवारी आमचं एक सॉफ्टवेअर लाइव्ह जायचं होतं आणि आठ वाजता माझी मीटिंग होती. तासभराने मी तिथूनच फोनवर "मी जरा ट्रॅफिकमध्ये अडकलोय" असं सांगितलं, तेव्हा आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यापेक्षा तो साप बरा वाटला. खोटं त्यांना अजिबात खपत नसे. वाटेच्या तोंडाशी एक वही असते, धावायला जाणाऱ्याने नाव लिहायचं आणि परत आल्यावर वेळ घालायची. एकदा त्यांनी आठ वीसऐवजी आठ दहा लिहिलं, ते घरी पोहे खाताना आठवलं, आणि तसेच उठून गाडी काढून दुरुस्त करायला गेले. ती वही कोणी वाचतसुद्धा नाही, हे मी सांगितलं. "मी वाचतो ना," ते म्हणाले.

आणि त्या माळाचं त्यांना काय कौतुक! बाभळीसारखं एक झाड दाखवून म्हणाले, "ओळखलंस? आपली वेडी बाभूळ. ही मूळची इकडची. इथे हिच्या शेंगांचं पीठ करून खातात, मान आहे हिला. आपल्याकडे आली आणि वेडी ठरली." मी म्हटलं, "तुमचं उलटं झालं, आतोबा." त्यावर ते इतके हसले की छत्री हातातून पडली.

आत्या गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. त्यांची एकुलती लेक तिकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला असते. आम्ही तिला ताई म्हणतो. तेरावं झाल्यावर तिने विषय काढला, "बाबा, आता इथे एकटे राहू नका. त्या रानात पडलात तर कोण बघणार?" दोन दिवस बापलेकीची धुसफुस चालली. शेवटी आतोबांनी खाणीतलं कंत्राट करावं तसा करार केला: "ज्या दिवशी माझ्या नेहमीच्या वाटेवर मी चुकेन, त्या दिवशी बॅग भरीन. तोवर हा विषय बंद." साक्षीदार म्हणून नेमणूक माझी. तेव्हापासून दर रविवारी धावणं उरकून आम्ही गाडीत बसलो की नऊच्या ठोक्याला ताईचा फोन, "काय रे, चुकले का बाबा?" आणि मी म्हणायचो, "नाही गं ताई." खरं सांगायचं तर मला मनातून वाटे, एकदाचे चुकू देत. म्हणजे मला रविवारी झोपता येईल.

गेल्या मार्चमध्ये ते चुकले. अर्ध्या वाटेवर एक कोरडा ओढा आहे. तिथून आम्ही कायम उजवीकडे वळायचो, त्या दिवशी आतोबा डावीकडे वळले. मला वाटलं, आज काहीतरी नवीन दाखवायचं असेल, म्हणून मी मुकाट मागे. अर्ध्या मैलाने ते थांबले. त्यांनी छत्री मिटली, चहूकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अरे, इथे गुरांची पाण्याची टाकी होती ना?" ती टाकी उजवीकडच्या वाटेवर होती. सोळा वर्षं दर रविवारी ते तिच्याजवळून गेले होते. सापासमोर मांडी घालून बसणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि आजवरचे माझे सगळे धक्के खोटे होते हे मला कळलं. "माझ्या बडबडीमुळे झालं, आतोबा," मी म्हणालो, "मीच तुम्हाला इकडे वळवलं." परतीची वाट ते प्रथमच चालत आले.

गाडीत बसलो आणि फोन वाजला. स्पीकरवर ताईचा हसरा आवाज. "काय रे, चुकले का बाबा?"

"नाही गं ताई. एकदम ओके. आज तर लवकर आटपलं."

"हा खोटं बोलतोय," शेजारून आतोबा म्हणाले. "मी चुकलो."

जी ताई इतकी वर्षं या एका दिवसाची वाट बघत होती, तिचाच सूर बदलला. "बाबा, एकदा चुकलं म्हणून काय झालं? आय मीन, सगळेच चुकतात. पुढच्या संडेला बघू ना."

"एकदाच असं ठरलं होतं. पुढच्या रविवारचं कलम नव्हतं त्यात."

मी तर ओरडलोच, "आतोबा, तुम्हाला कोण विचारतंय? साक्षीदार मी आहे!"

"साक्षीदार फुटलाय," ते म्हणाले, आणि त्यांनी सीटबेल्ट लावला.

एप्रिलमध्ये ते लेकीकडे राहायला गेले. आता दर रविवारी न्यू जर्सीहून त्यांचाच फोन येतो. "इथे सगळं हिरवं आहे रे, झाडंच झाडं. लांबचं काही दिसतच नाही," अशी त्यांची तक्रार असते. मग म्हणतात, "गेला होतास का आज?" मी नाही म्हणतो, त्यांच्याशी खोटं बोलायची माझी आता छाती नाही. "बरं, नसलास गेला तरी सांग. पहिल्यापासून सांग." मग मी चहाचा कप बाजूला ठेवून, घरात बसल्या बसल्या त्यांना ती वाट सांगतो. चढ, खडक, ओढा, टाकी. सुरुवातीला मी काही गाळलं की ते लगेच अडवायचे, "थांब, मधला उतार खाल्लास." मला त्याचा राग यायचा.

गेल्या रविवारी सांगण्याच्या भरात मी ओढ्यापासून त्यांना डावीकडे घेऊन गेलो. चूक लक्षात आली आणि मी थांबलो. आता ते रागावतील, दुरुस्त करतील म्हणून वाट बघत राहिलो.

"छान," ते म्हणाले. "पुढे?"

मी पुढचं सांगायला लागलो.