मदतीची झोळी आणि लेकीची थैली

"मॅडम, मी काय भीक मांगून राहिलो काय?"

किराणा घ्यायला आलेल्या काकांनी कापडी पिशवी काउंटरवर आपटली. तिच्यावर ठळक हिरव्या अक्षरांत छापलं होतं, 'मदतीची झोळी'.

मी भंडाऱ्यातल्या एका सुपरमार्केटची स्टोअर मॅनेजर. ही झोळी म्हणजे आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसचं अपत्य. योजना मात्र चांगली होती. गिऱ्हाइकाने पिशवी विकत घ्यायची आणि पुढच्या खरेदीला तीच आणायची. ती आणली की बिलिंगवाली मशीनवर एक बटण दाबते आणि दुकानातर्फे थोडी रक्कम आसगावच्या पाळणाघराला जाते. याला आमच्यात 'रि-यूज' म्हणतात. आमचा रि-यूज जवळजवळ शून्य होता.

हे पाळणाघर वनिताताई चालवतात. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, आया दिवसभर चिखलात वाकलेल्या आणि तान्ही पोरं बांधावर, उन्हापावसात. ती छपराखाली यावीत म्हणून ताईंनी आमच्या भरवशावर दोन बायका कामाला ठेवल्या होत्या. रोवणी तोंडावर आली होती. त्यात हेड ऑफिसचा मेल आला, की भंडाऱ्यात प्रतिसाद नसेल तर योजना दुसऱ्या जिल्ह्यात हलवू.

मी मार्केटिंगच्या साहेबांना फोन लावला.

"सर, नाव बदला."

"का? झोळी किती मातीतलं वाटतं!"

"सर, झोळी पसरतात. आपण ती लोकांच्या हातात देतोय, वर तिचे पैसे घेतोय."

"नवीन प्रिंटिंग होणार नाही. एंड-कॅपला लावून बघा."

एंड-कॅप म्हणजे रॅकच्या टोकाची जागा. गिऱ्हाइकाची नजर आधी तिथे जाते. लावल्या. आता लोक लांबूनच नाही म्हणायला लागले. मला असा संताप आला की त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही.

त्याच आठवड्यात माझी बहीण माहेरपण संपवून सासरी कोंढ्याला परत निघाली. आई तिची थैली भरत होती. तांदूळ, लाखोरीची डाळ, वरून पापड.

"बस वं माय, कायले एवढं?" बहीण म्हणाली.

"लेकीची थैली रिकामी जात नसते," आई म्हणाली.

मी जेवत होते, तशीच ताटावरून उठले. थेट वनिताताईंना फोन.

"ताई, जुन्याच पिशव्या वापरायच्या हायेत. छापलेलं झाकाचं कसं?"

"उलट्या करा न! शिवण वर येईल, तिच्यावर लाल गोट लावून देतो आम्ही."

चार बायकांनी पाळणाघरातच मशिनी मांडल्या. लग्नाच्या पिशव्या छापणाऱ्याकडून वर 'लेकीची थैली' छापून घेतलं. बिलिंगच्या मुलींना एकच नियम सांगितला. थैली रिकामी द्यायची नाही, आत आधी पोह्यांची पुडी टाकायची.

पहिल्याच दिवशी ते काका पुन्हा आले. थैली उलटसुलट बघितली.

"माही पोरगी गोंदियाले दिली हाये," ते म्हणाले. "तिच्यासाठी एक द्या. अन् एक मलेबी द्या."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. बायका थैली खांद्याला अडकवून मिरवत यायच्या, आणि बटण दाबल्याशिवाय बिल घ्यायच्या नाहीत. "दाबलं का वं? आमच्या पोट्ट्यायचं हाये ते!"

साहेबांचा फोन आला. "मॅडम, हे रि-यूजचे आकडे बरोबर आहेत ना?"

"बटण घासलंय सर. नवीन पाठवा."

योजना भंडाऱ्यातच राहिली. मंजुरीचा मेल आला तेव्हा रोवणी ऐन भरात होती. आनंदाच्या भरात मी वनिताताईंना फोन लावला आणि ओरडलेच, "ताई, जिंकलो आपण!"

"हळू बोला मॅडम," पलीकडून कुजबुज आली. "पोट्टे आत्ताच झोपले."

ताईंनी फोन ठेवला. मी भर दुकानात डोळे पुसले आणि कामाला लागले.

एवढं मात्र शिकले. वस्तूला नाव ठेवण्याआधी गावाला विचारावं. नाहीतर गाव नावं ठेवतं.