तिवरांचं शेत

पेणहून रोह्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. अंगात कुठल्याशा निसर्ग शिबिराचा टी-शर्ट, आणि पोटऱ्यांवर खाडीचा वाळलेला चिखल. तो ती नखाने खरवडत होती.

शिबिरात तिवरं मोजली, म्हणाली. खाडीकाठची ही झाडं जपायच्या कामाचं सर्टिफिकेट जोडलं की परदेशातल्या विद्यापीठाच्या अर्जाला वजन येतं.

मी आपलं म्हटलं, "छान. नवीन जागा बघायला मिळाली."

"नवीन कसली? आमचंच शेत हाय ते."

बांध फुटून खांड गेली, त्या भगदाडातून खारं पाणी आत शिरलं, खांड कुणी बुजवली नाही. भाताच्या जागी तिवरं उगवली. आता ती तोडायला बंदी आहे. वडील धाटावला कंपनीत शिफ्ट करतात. हे सगळं तिने आवाज न बदलता सांगितलं.

"बाबा म्हणायचे, शेत विकीन पण तुला शिकवीन. आता कोण घेतंय? तसं नाय तर असं कामाला आलं."

"मग अर्जात हे लिहिलंस ना?"

तिचं नख थांबलं.

"नाय. या जागेशी तुमचा संबंध काय, असं विचारलंय तिथं. मी व्हॉलंटिअर लिहिलं."